पुणे शिकायचे, तर हिर्डोशी गाठा

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या विद्यार्थ्याला मुख्य विषयाच्या जोडीला दुसरा एक विषय, म्हणजे 'मायनर', घ्यायची सोय केली. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४पासून आणि संलग्न कॉलेजांत त्याच्या पुढच्या वर्षापासून हा आराखडा लागू झाला. नगरजीवन हा तर मायनरसाठी नेमका विषय. इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल, वास्तुकला, साहित्य. यांपैकी कुणाचेही त्यात एकट्याने भागत नाही.

पण विद्यार्थ्यांना न्यायचे कुठे? पेठांतले वाडे आणि मेट्रोची स्थानके कुणालाही सुचतील. भोर तालुक्यातले हिर्डोशी सहसा सुचणार नाही.

भोरहून वरंधा घाटाकडे निघाले की नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या बाजूने जाताना हे गाव लागते. खोरे हिरडस मावळाचे; बांदलांचे आणि बाजीप्रभूंचे. इतिहासाच्या पुस्तकात मावळाला मानाचे पान असते, शहराच्या पुस्तकात मात्र तळटीपही नसते. खरे तर भाताच्या खाचरांवर आणि नाचणीवर वर्ष निघत नाही, म्हणून या घाटपट्ट्यातली माणसे पिढ्यानपिढ्या मुंबईला गेली. गिरणीत, गोदीत, माथाडीत. या भागातली एखादी लग्नपत्रिका नीट वाचावी. वर कुलदैवत, मग 'मुक्काम पोस्ट' आणि तालुका, आणि लगेच 'सध्या राहणार' म्हणून मुंबईतली चाळ किंवा उपनगर. एका कागदावर दोन पत्ते. मुंबईत गावकीची एक खोली असे, पाळी संपवून एक आला की त्याच जागेवरून दुसरा उठून कामाला जाई, आणि जेवण खानावळीत. शहरातल्या घरांची चर्चा या खोलीशिवाय करणे म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणे.

ही दृष्टी काही आजची नाही. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग निघाला, तेव्हा पहिले प्राध्यापक होते पॅट्रिक गेडिस. मूळचे जीवशास्त्राचे, नंतर नगररचनेचे. शहर समजून घ्यायला ते डोंगरापासून समुद्रापर्यंत उतरणाऱ्या खोऱ्याचा छेद काढून दाखवत. त्याच विभागातून पुढे आलेल्या गो. स. घुर्यांनी १९६३ साली पुण्यालगतच्या हवेली तालुक्यावर पुस्तक लिहिले. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतर्फे केलेली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ आणि १९५२ अशा दोन भागांत आली.

सगळ्यांत जवळचे उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या सुगावचे. नगररचनेच्या अभ्यासक हेमलता दांडेकर यांनी १९४२ ते १९८२ या चाळीस वर्षांत शहराने या एका गावाचे काय केले, याचा शोध घेतला. पुरुष मुंबईला आणि बायका घरी, हे त्यांच्या १९८६च्या पुस्तकाच्या नावातच आहे. मुंबईच्या मजुरीचा हिशेब मांडताना गावात राहिलेल्या बाईचे शेतावरचे कष्ट कुठल्या रकान्यात धरायचे? या प्रश्नाला एका विद्याशाखेचे उत्तर पुरत नाही. मायनरची गरज इथेच कळते.

माणसांइतकाच पाण्याचा हिशेब मोठा. खडकवासला धरणात जेमतेम दोन टीएमसी पाणी मावते. पानशेत आणि वरसगाव मिळून तेवीसच्या वर. ही दोन्ही धरणे वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या, डोंगरांत आहेत. पुणेकराच्या नळाचा उगम तिथे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्यानंतरच्या पुनर्वसनाचा अभ्यास सुलभा ब्रह्मे आणि प्रकाश गोळे यांनी केला, तो गोखले संस्थेने १९६७ साली छापला. पूर शहराचा म्हणून लक्षात राहिला. धरणासाठी उठलेली गावे शहराच्या आठवणीत फारशी नाहीत. हिर्डोशीच्या उशाला असलेल्या नीरा देवघरचे पाणी तर पुण्याकडे येतच नाही. ते खाली खंडाळा, फलटण, माळशिरसच्या रानांसाठी. म्हणजे इथली माणसे एका दिशेला गेली आणि पाणी दुसऱ्या. हा नकाशा विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने काढला पाहिजे. तयार स्लाइडवर तो कळत नाही.

फील्ड प्रोजेक्टचे श्रेयांक नव्या आराखड्यात आहेतच. अभ्यासमंडळांनी त्यांतले थोडे खोऱ्याच्या वाट्याला द्यावेत. वरंधा घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद ठेवतात, तेव्हा दौरा उन्हाळ्यात, जत्रांच्या दिवसांत ठेवावा. मुंबईकर मंडळी त्या वेळी गावातच भेटतात.