कट्ट्याच्या कडेनं एक फेरी

सकाळी सहाच्या सुमारास शिवाजी पार्कात सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न म्हणजे ‘किती झाल्या?’ ज्याला विचारलं तो थांबत नाही, दोन बोटं दाखवून पुढे निघतो. दोन म्हणजे दोन फेऱ्या. मैदानाच्या कडेनं एक फेरी किलोमीटरहून थोडी जास्त भरते. सावकाश चाललं तरी पंधरा-वीस मिनिटं पुरतात. वाट सपाट आहे, तिकीट नाही, आणि गुडघेदुखीवाल्यांनाही सहज झेपते. दादरला पश्चिमेला उतरून रानडे रोड धरला की बाजारातली गर्दी हळूहळू विरळ होत जाते आणि समोर एकदम आभाळ उघडतं. मुंबईत एवढं सलग आभाळ दिसणं हीच मोठी चैन आहे.

या वाटेचा जीव कट्ट्यात आहे. मैदानाभोवती माणूसभर उंचीची भिंत घालता आली असती. इथे घातली ती बसता येईल एवढीच. त्यामुळे आतलं मैदान आणि बाहेरची वस्ती एकमेकांना दिसत राहतात. चालून दमलेला टेकतो, वाट पाहणारा टेकतो, सांगण्यासारखं खूप असलेले तर तासन्‌तास टेकतात. शहरात फुकट बसायची जागा किती उरली आहे, हे पाय दुखायला लागल्यावर कळतं. म्हणून मला हा कट्टा या परिसरातल्या कुठल्याही इमारतीपेक्षा मोलाचा वाटतो.

सुमारे २८ एकरांचं हे मैदान मुंबई महापालिकेनं १९२५ साली लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. शिवरायांचं जन्मवर्ष त्या काळी १६२७ मानत. त्या हिशेबानं १९२७ साली जन्माची त्रिशताब्दी आली आणि नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून मैदानाला शिवाजी पार्क हे नाव मिळालं. २०२० पासून अधिकृत नाव छत्रपती शिवाजी महाराज पार्क असं आहे. दादरकरांच्या तोंडी मात्र नुसतं ‘पार्क’. ‘पार्कात जाऊन येतो’ म्हटलं की कुठल्या, असं कुणी विचारत नाही. भोवतालच्या जुन्या इमारती १९३०-४० च्या दशकांतल्या, गोलाई दिलेल्या गॅलऱ्यांच्या. पुनर्विकासात त्या एकेक करून कमी होताहेत, तोवर चालता चालता वरही बघावं.

पहिल्या फेरीत मी नेटपाशी रेंगाळतोच. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा कट्ट्यावर बसलेला असतो, शेजारी त्याच्या खांद्याला येईल एवढी किटबॅग. आई वाकून पॅडचे पट्टे आवळते. तो तिच्याकडे बघतसुद्धा नाही, नजर आतल्या गोलंदाजावर. इथंच रमाकांत आचरेकर सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. सचिनला जो बाद करेल त्याचं नाणं, आणि सचिन शेवटपर्यंत नाबाद राहिला तर ते त्याचं. डिसेंबर २०२४ मध्ये सरांचं स्मारक पाच नंबरच्या गेटपाशी उभं राहिलं आणि त्याचं अनावरण सचिन तेंडुलकरनंच केलं. मी तिथं थांबतो, पण नजर पुन्हा त्या पट्टे आवळणाऱ्या आईकडे जाते.

पुढे समर्थ व्यायाम मंदिर लागतं. एरंडेल तेलानं चकचकीत झालेल्या मल्लखांबावर एक मुलगी झेप घेते, मांडीची पकड बसते, आणि पुढच्या क्षणी ती डोकं खाली करून स्थिर. खाली रांगेत उभ्या असलेल्यांची चुळबुळ तेवढ्यापुरती थांबते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांच्या सभा या मैदानानं ऐकल्या, आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये शिवसेनेचा पहिला मेळावा इथेच भरला. २०१० साली उच्च न्यायालयाच्या आदेशानं परिसर शांतता क्षेत्र झाला. पण पार्काचं खरं मोठेपण पाहायचं तर डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनाच्या, ६ डिसेंबरच्या आसपास यावं. त्यांचं स्मारक असलेली चैत्यभूमी इथून चालत काही मिनिटांवर. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं मांडवात पथाऱ्या टाकतात आणि बाजूनं पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्या दिवसांत फेरी पुरी होत नाही. दर दहा पावलांवर पुस्तकं अडवतात. एका स्टॉलवर नऊवारीतल्या एक आजी नातवाकडून पाठीमागचा मजकूर वाचून घेत होत्या. पूर्ण ऐकून घेतल्यावर त्यांनी कनवटीची नोट काढली, पुस्तक कपाळाला लावलं आणि पिशवीत तळाशी, कपड्यांच्या घडीत ठेवलं. एवढ्या आदरानं पुस्तक घेतलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

एक दुखणं आहे, धुळीचं. मैदानातली लाल माती हिवाळ्यापासून उडू लागते, आणि खोकल्यानं बेजार झालेले शेजारी वर्षानुवर्षं तक्रार करताहेत. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी कोरड्या महिन्यांत वाऱ्याची वेळ टाळावी. मला विचाराल तर जून उजाडल्यावर यावं. पहिल्या सरीनंतर ती माती खाली बसते, दाट होते, तिचा वास थेट रस्त्यापर्यंत येतो. पोरं चिखलात फुटबॉल काढतात. कट्टा ओला असतो, तरी कुणीतरी रुमाल अंथरून बसलेलंच असतं, आणि शेजारची जागा हातानं पुसून म्हणतं, ‘या, बसा.’