रंगाचा माग

आजीनं वांगी चिरून पाण्यात टाकली, पण एक फोड विळीपाशीच राहिली. बघता बघता तिच्यावर तपकिरी छटा चढली. "आजोबा, ही काळी का पडली?"

बाळा, वांग्यात तांबं पोटात घेऊन बसलेलं एक प्रथिन असतं. चिरल्यावर हवा लागते आणि ते कामाला लागतं. त्याचंच एक दूरचं भावंड तुझ्या केसांच्या मुळाशी आहे. त्याचं नाव टायरोसिनेज.

ते काम करताना पाहायचं कसं? पेशी बाटलीत वाढवून. आपल्या पनवेलजवळ, खारघरला टाटांचं अॅक्ट्रेक आहे ना, ती संस्था आधी परळला होती. तिथे पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी १९६०च्या दशकात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. ऊबदार पेटीत, गुलाबीसर पोषक द्रवात, शरीराबाहेर पेशी जगवायच्या! मला आजही याचं नवल वाटतं.

रंगासाठी जगभर वापरतात त्या बी-१६ नावाच्या पेशी. १९५४ साली अमेरिकेत एका काळ्या उंदराला मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग झाला, त्याच्या गाठीतून त्या आल्या. कर्करोगाच्या म्हणून त्या वाढतच राहतात, पण रंग बनवायचं विसरलेल्या नाहीत. विरळ पेरल्या तर आधी फिकट होतात, मग आठवडाभरात दाटी वाढते तशा काळवंडतात. यंत्रात गरगर फिरवून तळाशी बसवल्या, की फिकट दिवसांचा गोळा पांढुरका आणि शेवटचा काजळासारखा.

या दोन गोळ्यांमधली प्रथिनं वेगळी करून ताडून पाहतात. आधी एमआयटीएफ नावाचा मुकादम जागा होतो. त्याच्या हुकुमानं रंगाचे कारागीर तयार होतात. पण रंगाआधी माग लागतो, बरं का! पेशीत इवल्या पिशव्या असतात, केसाच्या जाडीत शंभरावर मावतील एवढ्या. त्यांत पीमेल नावाचं प्रथिन बारीक धागे ताणतं. मग टायरोसिनेज येतं, आणि रंग त्या धाग्यांवर थर धरत जातो.

आणि हे धागे कुठल्या जातीचे? अल्झायमरच्या आजारात मेंदूत साचतात ना, त्याच अॅमिलॉइड जातीचे. शास्त्रज्ञांनी २००६ साली हे दाखवलं. तिथे घातक ठरणारी वीण इथे रोजच्या उपयोगाची. रंग बनताना मधल्या पायरीला जहाल द्रव्यं निघतात. ती पिशवीबाहेर सुटली तर पेशीच मरेल. धाग्यांच्या आधारानं रंग लवकर जमतो आणि जहाल माल आतच संपतो.

कधी कधी टायरोसिनेज बनतं, तरी रंग येत नाही. माणसाच्या काही मेलॅनोमा पेशी अशाच रंगहीन असतात. प्रथिनाची लांब साखळी नेमकी घडी घालून बसावी लागते. घडी चुकली, की पेशीतला तपासनीस तो नग मोडीत काढतो. म्हणून प्रथिन किती बनलं एवढंच मोजून भागत नाही, ते पिशवीपर्यंत पोचलं का, हेही पाहावं लागतं.

तेवढ्यात आजीनं फोडी निथळून फोडणीत टाकल्या. चर्र आवाज आला. आता त्या आणखी काळ्या पडणार नाहीत, बाळा. कढईच्या आचेनं त्या प्रथिनाची घडीच मोडली.