तेलावर तरंगणारा आस

तेल नीट मिळत असेल आणि वेग पुरेसा असेल, तर फिरता आस बेअरिंगला टेकतच नाही. दोन धातूंच्या मध्ये तेलाचा केसाहून पातळ थर असतो आणि यंत्राचा सगळा भार तोच पेलतो. हे प्रयोगात दिसले १८८३ साली, एका बुचामुळे.

आरशासारखा घासलेला धातूही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांचा मुलूख दिसतो. असे दोन पृष्ठभाग एकमेकांना भिडतात ते फक्त शिखरांवर. तिथे दाब इतका वाढतो की धातू धातूला चिकटतो, आणि पुढच्या क्षणी तुटतो. घर्षण आणि झीज मुख्यतः इथूनच येते.

इंग्लंडमधल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने बोशां टॉवर यांच्याकडे बेअरिंगमधल्या घर्षणाचे मोजमाप सोपवले होते. त्यांच्या यंत्रात चार इंच व्यासाचा आस खालच्या बाजूने तेलात बुडालेला होता आणि वरून त्याच्यावर पितळी बेअरिंगचा भार होता. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे टॉवर यांनी तेल सोडण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले. यंत्र सुरू होताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. बूच मारले, तर ते बाहेर ढकलले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही सरकत वर आली. शेवटी तिथे दाबमापक बसवला, तेव्हा काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता फक्त १००. म्हणजे तेल घालण्याची रूढ जागा नेमकी तेल बाहेर पडण्याची जागा होती!

याचे गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडले. भाराखाली आस बेअरिंगच्या मध्यापासून किंचित बाजूला सरकतो, त्यामुळे दोघांमधली फट पाचरीसारखी निमुळती होते. चिकट तेल आसाबरोबर त्या पाचरीत ओढले जाते, पटकन निसटू शकत नाही, आणि दाबाने आसाला उचलून धरते. वेगळा पंप लागत नाही. फिरणे हाच पंप.

म्हणूनच धोका असतो तो सुरू होताना आणि थांबताना. थांबलेला आस धातूवर टेकलेला असतो. वीजकेंद्रातल्या अवजड टर्बाइनमध्ये सुरुवातीला पंपाने तेल दाबून आस आधी उचलावा लागतो.

बैलगाडीचे चाक मिनिटाला जेमतेम पंधरा फेरे घेते. एवढ्या वेगात पाचर भार उचलत नाही. तिथे वंगणाचा दुसरा गुण कामी येतो. एरंडेलासारख्या तेलातल्या स्निग्धाम्लांच्या रेणूचे एक टोक धातूला चिकटते आणि लांब शेपटी बाहेर राहते. अशा शेपट्यांचा थर धातूला धातूपासून दूर ठेवतो. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांच्या इंजिनांतही एरंडेलच घालत.

गुडघ्याची रचना या दोन्हींहून वेगळी आहे. हाडांच्या टोकांवरच्या मऊ कूर्चेचे सुमारे तीन चतुर्थांश वजन पाण्याचे असते आणि पाऊल टाकताच भाराचा मोठा वाटा आत कोंडलेले ते पाणी घेते. बराच वेळ एका जागी उभे राहिले की ते हळूहळू पिळून बाहेर पडते, भार कूर्चेच्या घन जाळीवर येतो आणि घर्षण वाढते. पाय हलला, भार हटला, की कूर्चा सांध्यातला द्रव पुन्हा शोषून घेते.