उसनं पुस्तक परत जातं, नोंद राहते: वर्षभराच्या वाचनाची बुलेट जर्नल

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना वही-पेन जवळ नसेल तर इथून पायऱ्या बघून घ्या.)

[००:००] सुरुवात

कुरवंड्याहून बोलतेय. नागफणीच्या ट्रेकला आला असाल तर गाव माहीत असेलच. पाठीमागे जो आवाज येतोय तो पावसाचा आहे, त्याला माझा इलाज नाही.

आजचा विषय अगदी कामाचा आहे. वर्षभर आपण जे वाचतो, त्याची नोंद एका साध्या वहीत कशी ठेवायची? यालाच हल्ली बुलेट जर्नल म्हणतात. इन्स्टाग्रामवर शोधलंत तर रंगीत टेप, सुंदर अक्षरं, जलरंगात काढलेलं पुस्तकांचं कपाट असं सगळं दिसेल. ते बघून पन्नास टक्के लोक तिथेच गार होतात. हा आकडा माझ्या मैत्रिणींवरून काढलाय हां, मनावर घेऊ नका!

आधी एक प्रश्न. मागच्या वर्षी वाचलेल्या पुस्तकांची नावं फोन न बघता सांगा. तीन? चार? आणि त्यातलं एखादं आत्ता हाताशी आहे का? माझ्याकडे तरी बहुतेक नसतं, कारण मी जे वाचते ते ग्रंथालयाचं, मैत्रिणीचं, नाहीतर फोनवरचं. घरात पुस्तकांचं कपाट नाही. आपल्यापैकी पुष्कळ जणांचं असंच आहे. म्हणून मला वाटतं, ज्याच्याकडे स्वतःची पुस्तकं कमी, त्यालाच या वहीची गरज जास्त. पुस्तक परत जातं. आपल्याकडे उरते ती नोंद.

[०१:३०] हे बुलेट जर्नल आलं कुठून?

रायडर कॅरोल नावाचा डिजिटल डिझायनर आहे, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. लहानपणी त्याला लक्ष एकाग्र करायला फार त्रास व्हायचा. स्वतःसाठीच त्यानं नोंदी ठेवायची एक पद्धत हळूहळू बसवली आणि २०१३ साली ती लोकांसमोर मांडली. २०१८ मध्ये त्यावर त्याचं पुस्तकही आलं. मूळ पद्धतीत सजावट नाहीच. एक वही, एक पेन, पानांना क्रमांक, पुढे अनुक्रमणिका आणि थोड्या खुणा. बस. रंगीत टेप नंतर लोकांनी आणली.

पानांना क्रमांक टाकलेली वही म्हटलं की मला मात्र मंडालेची आठवण होते. लोकमान्य टिळकांना १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली आणि मंडालेच्या तुरुंगात धाडलं. तिथे १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं. सुटे कागद मिळत नव्हते. मिळायच्या त्या बांधलेल्या वह्या, पानं मोजून क्रमांक टाकलेल्या. शाई नाही, फक्त पेन्सिल. १९१४ मध्ये सुटका झाली, वह्या मागाहून हातात आल्या आणि १९१५ साली पुस्तक छापून निघालं.

तुरुंगात पानं मोजायची ती पहारा म्हणून. आपण क्रमांक टाकायचे ते शोधता यावं म्हणून. पण एक गोष्ट यातून कळते: विचाराला महागडी वही लागत नाही.

[०३:००] वही आणि पेन

ठिपक्यांची वही ऑनलाइन बरीच महाग पडते. त्याऐवजी शाळेतली गणिताची चौकटीची वही घ्या. चौकटी आयत्या असतात, तक्ते पटकन होतात. साधारण १०० पानी वही वर्षाला पुरते.

पेन बॉलपेनच. जेल पेनची अक्षरं आमच्याकडच्या हवेत पसरतात. जून ते सप्टेंबर इथे कपडेसुद्धा वाळत नाहीत, वहीचं काय घेऊन बसलात! मी वही झिपच्या पिशवीत घालून स्टीलच्या डब्यात ठेवते आणि महिन्याच्या शेवटी भरलेल्या पानांचे फोटो काढते. वही भिजलीच तर नोंदी तरी हातात राहतात.

कुणी म्हणेल, फोन आहेच तर ॲपमध्येच नोंद का नको? जरूर करा. पण वाचनाच्या ॲपवर मराठी पुस्तकं शोधून बघा. काही सापडतच नाहीत, काही रोमन लिपीत वेगवेगळ्या स्पेलिंगनं पडलेली असतात. शिवाय नोंद करायला फोन उघडला की पुढची वीस मिनिटं रील्समध्ये जातात. वहीत रील्स नाहीत.

[०४:१५] पहिली दहा पानं

आता पायऱ्या. सगळं मिळून एक तास लागेल.

पान १ आणि २: अनुक्रमणिका. आत्ता कोरी ठेवा. नवं पान सुरू केलं की त्याचं नाव आणि क्रमांक इथे लिहायचा.

पान ३: खुणा. माझ्या अशा आहेत. ठिपका म्हणजे वाचायचंय. ठिपक्यावर तिरकी रेघ म्हणजे सुरू आहे. फुली म्हणजे संपलं. उजवीकडे तोंड केलेला बाण म्हणजे पुढच्या महिन्यात ढकललं. नावावर आडवी रेघ म्हणजे सोडून दिलं. शिवाय तीन अक्षरं: ‘छ’ छापील, ‘फ’ फोनवर, ‘ऐ’ ऐकलेलं. हो, ऐकलेलं पुस्तकसुद्धा मोजायचं. पॉडकास्टवर बसून मी याच्या उलट कशी बोलणार!

माझी एक जादा खूण आहे, ‘आ’. आजीला वाचून दाखवलेलं. आजी मध्येच म्हणते, “थांब गं, एवढं परत वाच.” त्या पानाचा क्रमांक मी लिहून ठेवते. वर्षाच्या शेवटी ती पानं एकत्र बघितली की आजीला काय भावतं ते कळतं. तुमच्या घरी अशी एखादी खूण लागत असेल तर ती तुमची तुम्ही ठरवा.

पान ४ आणि ५: वर्षाचा आराखडा. प्रत्येक पानावर सहा घरं, असे बारा महिने. यात पुस्तकांची उद्दिष्टं लिहू नका, आपल्या वर्षाचा अंदाज लिहा. परीक्षा कधी, भाताची आवणी कधी, लग्नसराई कधी. आमची पॉइंटवर कणसं-भज्यांची गाडी असते, त्यामुळे जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार माझ्या वाचनातून बादच. ते आधीच दिसलं की मन खात नाही. मग चांगल्या तारखा घाला: २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिल जागतिक पुस्तक दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन. या सुमारास प्रदर्शनं आणि सवलती असतात. ग्रंथालयाची वर्गणी कधी भरायची तेही इथेच.

पान ६ ते ९: मुख्य नोंद. आडवी वही धरून सहा रकाने पाडा: अनुक्रमांक, पुस्तक, लेखक, कुठून आणलं, कधी सुरू, कधी संपलं. यातला ‘कुठून आणलं’ हा रकाना परदेशी नमुन्यांत सहसा नसतो. आपल्याला तोच सगळ्यात महत्त्वाचा. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर आतल्या पानावरचा दाखल क्रमांक टिपून ठेवा. दोन वर्षांनी तेच पुस्तक हवं झालं, तर “निळं कव्हर होतं, जाडसर होतं” असं सांगत बसावं लागणार नाही.

पान १०: उसनवारी. डावीकडे आपण आणलेली पुस्तकं, उजवीकडे आपण दिलेली. नाव, तारीख, परत आलं की फुली. पुस्तकांवरून मैत्री तुटू नये यासाठी हे पान.

[०७:००] एका पुस्तकाला एक पान

पुढची पानं एकेका पुस्तकासाठी. इथे परीक्षण लिहायचं नाही. तीनच गोष्टी.

एक, पुस्तकात आहे काय, दोन ओळींत. दोन, माझ्याकडे उरलं काय. इथे आवडलेलं वाक्य उतरवून घ्या आणि त्याचा पान क्रमांक लिहाच, कारण पुस्तक परत गेल्यावर तो शोधता येत नाही. तीन, हे मी कुणाला वाचायला सांगेन, आणि का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुचलं नाही तर पुस्तक आपल्याला फारसं भिडलेलं नाही, असं मी धरते.

दिवाळी अंकांचं काय करायचं? हा खास आपला प्रश्न. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकापुढे तो आहे! अंक आपण सगळा वाचत नाही, म्हणून ‘संपलं’ म्हणता येत नाही. पण त्यातली एखादी दीर्घकथा अख्ख्या कादंबरीइतकी लक्षात राहते. माझा नियम असा: एका अंकाला एकच क्रमांक, आणि त्याच्या पानावर वाचलेल्या लेख-कथांची नावं. जे वाचलं नाही त्याची खंत नको.

[०८:१५] रोजचा चौकोन आणि आकड्यांचा हिशेब

समोरासमोरच्या दोन पानांवर तक्ता आखा. आडवे ३१ रकाने, उभे १२. ज्या दिवशी वाचलं तो चौकोन भरायचा. किती पानं वाचली ते लिहायचं नाही. दोन पानं वाचली तरी चौकोन भरा.

आता हिशेब करू. रोज १५ पानं, वर्षातले ६० दिवस सुट्टीचे. उरले ३०५ दिवस, म्हणजे ४,५७५ पानं. ३०० पानांचं एक पुस्तक धरलं तर वर्षाला पंधरा पुस्तकं होतात. लोणावळा-पुणे लोकलला दीड तासाच्या आसपास लागतो. जागा मिळाली तर ही १५ पानं एका फेरीत आरामात होतात. जागा नाही मिळाली तर कानात हेडफोन आहेच.

“वर्षाला ५२ पुस्तकं” वगैरे आव्हानं तुम्ही बघितली असतील. ज्याला जमतं त्यानं करावं. पण आकडा गाठायचा म्हणून आपण बारीक पुस्तकं निवडायला लागलो, तर वही आपल्याला हाकायला लागली असं समजा.

[०९:२०] महिनाअखेर: ढकलायचं की सोडायचं?

कॅरोलच्या पद्धतीचा गाभा इथे आहे. महिना संपला की अर्धवट पुस्तकांची नावं पुढच्या महिन्याच्या पानावर हातानं पुन्हा लिहायची. ॲप हे काम आपोआप करतं, वही करत नाही. पुन्हा लिहायचा कंटाळा आला, की स्वतःला विचारायचं: हे मला खरंच वाचायचंय का? तीनदा पुढे ढकललेल्या नावावर मी आडवी रेघ मारते आणि पुस्तक परत देते. ग्रंथालयात त्याची वाट बघणारं दुसरं कुणीतरी असेल.

[१०:००] एक पान आपल्या गावाचं

शेवटचं पान माझ्या सगळ्यात आवडीचं. वहीच्या मागच्या बाजूला एक पान गावाच्या नावानं काढा. कुठल्याही पुस्तकात आपल्या गावाचा, घाटाचा, नदीचा उल्लेख आला की पुस्तकाचं नाव, पान क्रमांक आणि एका ओळीत मजकूर तिथे टिपायचा.

माझ्या पानावर कुरवंडे घाट आहे. २ फेब्रुवारी १६६१ ला खाली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला कोंडीत पकडलं. ती फौज या आमच्याच घाटानं कोकणात उतरत होती. खानाबरोबर रायबागनही होती. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ात या लढाईचं वर्णन आलंय. पॉइंटवर येणारे पर्यटक विचारतात, “इथे काय झालं होतं म्हणे?” मग गाडीवरचा प्रत्येक जण आपापली गोष्ट सांगतो, आणि फौजेचा आकडा दर शनिवारी वाढतो! माझ्या पानावर मात्र कुठल्या पुस्तकात काय म्हटलंय ते पान क्रमांकासकट आहे. दोन पुस्तकांत फरक असेल तर दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी. कोण खरं ते मी ठरवत नाही, पण “म्हणे” या शब्दावर मला थांबावं लागत नाही. ही सगळी पुस्तकं केव्हाच परत गेलीत. माझ्या गावाबद्दल ती काय सांगतात, ते माझ्याकडे आहे.

तुमचं गाव कुठलंही असो, त्याचं पान काढून ठेवा. वर्षात एकच नोंद झाली तरी चालेल.

[११:२०] आज रात्री एवढंच करा

जानेवारीची वाट बघू नका. आपलं वर्ष आज सुरू झालं तरी बिघडत नाही. आज तीन कामं: वहीच्या पानांना क्रमांक टाका, खुणांचं पान लिहा, आणि सध्या जे वाचताय त्याची पहिली नोंद करा, ‘कुठून आणलं’ या रकान्यासकट. रकाने वाकडे आले तरी पान फाडायचं नाही.

पुढच्या भागात मोफत आणि कायदेशीर मराठी ई-पुस्तकं फोनवर कशी मिळवायची ते बघू. तोवर वाचत राहा, ऐकत राहा. आणि हो, उसनं आणलेलं पुस्तक वेळेत परत करा!