धरणी हादरते तेव्हा मन कसे सावरावे?

नोव्हेंबर २०१८ मध्ये डहाणू-तलासरीची जमीन हादरू लागली. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी ही आपल्या भागातली साधी गावे. त्यांची नावे वर्तमानपत्रांत झळकू लागली. एकच मोठा भूकंप होऊन संकट टळले असते तर वेगळे. इथे लहानमोठे धक्के महिनोन् महिने येत राहिले. मांडणीवरची भांडी खणखणायची, कौले सरकायची, भिंतीला नवी भेग पडलेली दिसायची. ऐन थंडीत माणसे लेकराबाळांसह अंगणात, तंबूत झोपली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवशी अनेक धक्के बसले. त्यांतला एक ४.१ तीव्रतेचा होता. त्या दिवशी घराबाहेर धावपळीत पडून दोन वर्षांची एक चिमुरडी दगावली.

त्या लेकराची आठवण आली की आजही जीव कासावीस होतो. भिऊन धावणाऱ्या आईबापांना दोष कोण देणार? पण जमिनीच्या हादऱ्याबरोबर मनाचा हादराही माणसाला इजा करतो, हे त्या दिवसांनी आपल्याला शिकवले.

त्यातच अफवांचे पीक आले. कोणी देवीचा कोप म्हणे, कोणी अमुक रात्री प्रलय येणार असे छातीठोक सांगे. भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगता येईल असे शास्त्र आजही कोणापाशी नाही. मग ते अंगारेधुपारे करणाऱ्याला कुठून कळणार? प्रत्येक घटनेला कारण असते, ही तथागतांची शिकवण. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी येथे यंत्रे बसवून धक्क्यांचा अभ्यास केला तो याच दृष्टीने. धम्माच्या उपासकाने त्यांच्या बाजूने उभे राहावे.

पण कारण कळले म्हणून रात्री झोप लागतेच असे नाही. त्यासाठी मनाला वळण लावावे लागते. बिनपैशाचे तीन उपाय माझ्या अनुभवाचे आहेत.

श्वासाची सोबत

पहिला उपाय आनापानाचा. ताठ बसावे, डोळे मिटावे आणि नाकातून येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा पाहावा. मंत्र नको, माळ नको, उदबत्ती नको. मन भरकटले की त्याला न रागावता परत आणावे. गोएंका गुरुजींनी १९६९ साली ब्रह्मदेशातून येऊन विपश्यना भारतात पुन्हा रुजवली. इगतपुरीच्या धम्मगिरीला आपले अनेक बांधव दहा दिवसांच्या शिबिराला जातात. तिथे फी नाही, हे खरे. पण वापीच्या कारखान्यात रोजावर जाणाऱ्याची दहा दिवसांची मजुरी बुडते, हेही खरे. त्याने शिबिराची वाट पाहत बसू नये. सकाळी दहा मिनिटे आणि निजताना दहा मिनिटे श्वास पाहण्यापासून सुरुवात करावी. २०१३ पासून चर्चगेट-डहाणू लोकल धावते. बसायला जागा मिळाली तर तीही ध्यानाची जागा होऊ शकते.

अंगणातली हिरवाई

दुसरा उपाय मातीचा. ज्या मातीची भीती वाटते तिच्यातच हात घालावा. त्या थंडीत आम्ही अंगणात बसून रात्री काढल्या. अंगण रिकामे, ओसाड होते. दिवसभर बसून करायचे काय, म्हणून मुलांना घेऊन आळी केली. मिरची, वांगी, मेथी लावली. शेवग्याची फांदी कुंपणाला रोवली. पाणी भांडी धुतल्याचे, खत चिकूच्या वाडीतल्या पाचोळ्याचे. मेथीला दोन पाने फुटलेली पाहायला मुले सकाळी धावत सुटली. कित्येक दिवसांत ती आनंदाने धावताना पाहिली नव्हती.

एक काळजी मात्र घ्या. भूकंपाच्या भागात कुंड्या, डबे भिंतीच्या कठड्यावर किंवा दारावरच्या फळीवर ठेवू नका. त्या जमिनीवरच बऱ्या. दाराची वाट मोकळी असू द्या.

झाडे लावणे हा आपला वारसा आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती लावल्याचा उल्लेख येतो. त्याच अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा १८८२ साली आपल्या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या सोपाऱ्यात सापडला. बाबासाहेबांनाही दिल्लीच्या निवासस्थानी बागेचा मोठा छंद होता. डोंगराएवढ्या कामातून त्यांना फुलझाडांसाठी वेळ मिळाला, तर आपल्याला का मिळू नये?

देहाची निगा

तिसरा उपाय योगासनांचा. फुग्यांच्या कारखान्यात दिवसभर बसणाऱ्या भगिनीची कंबर धरते, रात्रपाळी करणाऱ्याचे अंग आंबते. आखडलेल्या देहात मन स्वस्थ बसत नाही. सकाळी ताडासन, जेवणानंतर थोडे वज्रासन आणि निजण्यापूर्वी शवासन एवढे पुरे. गुडघे दुखत असतील तर वज्रासन टाळावे. यात पूजाअर्चा आणण्याचे कारण नाही. व्यायामाला जात नसते आणि धर्मही नसतो.

शांत मनाने काय करायचे?

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, डोळे मिटून बसल्याने चळवळ थंड पडते. त्यांची शंका रास्त आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनीच विचारले आहे की भिक्खूने केवळ स्वतःला परिपूर्ण करायचे, की समाजाची सेवा करायची? धम्माची आशा त्यांनी सेवाभावी भिक्खूत पाहिली. हाच न्याय आपल्यालाही लागू आहे.

म्हणून ध्यानावरून उठल्यावर घराच्या भिंती पाहा. भेगांचे फोटो काढा, तारीख लिहून ठेवा. पंचनामा मागा, अर्ज करा आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. कारकुनी करतो म्हणून सांगतो, पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेलाच अर्ज. शेजारच्या पाड्यातल्या वारली बांधवाला लिहिता येत नसेल तर त्याचाही अर्ज तुम्ही लिहा. धक्का बसला तर म्हाताऱ्याला कोण धरील, पोरांना कोण घेईल आणि सगळ्यांनी कुठल्या मोकळ्या जागी जमायचे, हे घरात आजच ठरवा. घाबरलेल्या माणसाला त्या घटकेला काही सुचत नाही. रोज दहा मिनिटे मन सावरायची सवय असलेला माणूस आधी लेकराचा हात धरतो.

तेवढ्यासाठी तरी उद्या पहाटे जरा लवकर उठा. श्वास पाहा, झाडांना पाणी घाला आणि मग कामाला लागा.

जय भीम!