हुशार मुलांची मोजदाद आणि उसाचा हंगाम

हुशार मुले हेरण्यासाठी आपल्याकडे ज्या तीन मोठ्या परीक्षा होतात, त्यांच्या तारखा शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. आठवीची एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा बहुतेक वेळा डिसेंबरात, नवोदय विद्यालयांतल्या सहावीच्या प्रवेशासाठीची परीक्षा सहसा जानेवारीत आणि राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा फेब्रुवारीत. आता त्यांच्याशेजारी साखर कारखान्यांचे वेळापत्रक ठेवावे. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. बीड जिल्ह्यातली आणि आसपासच्या तालुक्यांतली जी जोडपी ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन बसलेली असतात, ती दिवाळी आटोपली की निघतात. कारखान्याच्या हिशेबात त्या जोडप्याचे नाव ‘कोयता’. घरी धडधाकट आजी असली तर पोर गावात राहते. गावात हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले असले तर तिथे राहते. दोन्ही नसले तर ते उसाच्या फडावर जाते आणि तिथल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळते.

थोडक्यात, राज्यातल्या बुद्धिमत्तेची मोजदाद आपण नेमकी तेव्हा करतो, जेव्हा हजारो मुले गावात नसतात. यात कुणाचा डाव नाही. तारखा ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे मूल कधी आलेच नाही, एवढेच. पण माझ्या मते आपल्या प्रज्ञाशोधाची सारी गोष्ट या वेळापत्रकात आहे. आलेल्यांतून निवडण्यात आपण वाकबगार आहोत. कोण आले नाही, हे विचारायची सवय आपल्याला नाही.

महाराष्ट्रात शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासून चालत आली आहे. आधी चौथी-सातवीला आणि २०१६-१७ पासून काही वर्षे पाचवी-आठवीला तिने जे केले, ते कमी लेखण्यासारखे नाही. शिष्यवृत्तीचे जादा तास, त्यासाठी सकाळी लवकर येऊन शाळा उघडणारे गुरुजी, भिंतीवर तैलरंगात लिहिलेली यशस्वी मुलांची नावे हा जिल्हा परिषद शाळांचा एक मोठा अभिमान होता आणि काही ठिकाणी अजून आहे. १९६६ मध्ये मधुकरराव चौधरी शिक्षणमंत्री असताना ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी निवासी शासकीय विद्यानिकेतने निघाली. औरंगाबाद, धुळे, पुसेगाव ही त्यांतली ठळक नावे. दिल्लीत १९६३ साली अवघ्या दहा शिष्यवृत्त्यांनी सुरू झालेली राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजना पुढच्याच वर्षी देशभर गेली. सुरुवातीला ती मूलभूत विज्ञानांपुरती होती. १९७६ मध्ये तिच्यात सामाजिक शास्त्रे आली आणि राज्यघटनेने मान्य केलेल्या भाषांतून ती देता येऊ लागली. एनटीएसई या नावाने दोन-तीन पिढ्यांनी तिची धास्ती घेतली. २०२१ पासून ती स्थगित आहे आणि त्याबद्दल फारशी ओरडही झाली नाही.

नवोदयचा विचार यांच्यापेक्षा पुढचा होता. १९८५-८६ मध्ये पहिली दोन विद्यालये निघाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. जिल्ह्याला एक विद्यालय, निवासी आणि किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना. परीक्षा मराठीतून देता येते. दोन तासांत ऐंशी प्रश्न, त्यांतले निम्मे आकृत्यांचे. आकृत्यांना भाषा लागत नाही, म्हणून त्यांत घरची गरिबी आड येणार नाही, अशी ही मांडणी. ती कागदावर बरोबर आहे. फक्त आकृत्यांचाही सराव करता येतो, आणि सराव विकत मिळतो. आज तालुक्याच्या कुठल्याही एसटी स्टँडसमोर उभे राहिले की ‘नवोदय, सैनिक स्कूल, स्कॉलरशिप’ असे एका दमात लिहिलेला फ्लेक्स दिसतो. सरावाने गुण वाढतात यात गैर काही नाही. पण मग आपण जे मोजतो, त्यात बुद्धी किती आणि बापाने भरलेली फी किती, हे कुणी सांगू शकत नाही.

नवोदयच्या माहितीपुस्तिकेतला एक नियम मात्र सावकाश वाचण्यासारखा आहे. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण शाळेत काढलेले मूल ग्रामीण. यांपैकी कुठल्याही वर्षात एक दिवसही शहरी भागातल्या शाळेत गेले असेल, तर ते शहरी. शहरातल्या सधन पालकांनी कागदोपत्री गावाकडचे होऊ नये म्हणून हा नियम केलेला असणार, आणि तो त्यासाठी रास्तही आहे. आता मराठवाड्यातल्या एखाद्या दुष्काळी गावातून पुण्याला बांधकामाच्या साइटवर आलेल्या कुटुंबाची कल्पना करा. चौथीत असलेल्या मुलीला कुणा भल्या माणसाने महापालिकेच्या शाळेत बसवले. पावसाळ्यात कुटुंब गावी परतले. आता ती मुलगी नियमाने शहरी झाली. पत्र्याच्या खोलीत राहून ती जे काही शिकली, त्याची ही किंमत. तिला शाळेत घातलेच नसते तर गोष्ट वेगळी होती, असे म्हणावे तर तिन्ही वर्षे शाळेत काढण्याची अट आड येते. नियम करणाऱ्याला स्थलांतर म्हणजे सधन माणसाची लबाडी एवढेच ठाऊक असले की असे होते.

कोण आले नाही, हा प्रश्न अमेरिकेत वंशाच्या आणि स्थलांतरितांच्या अंगाने आला. तिथे हुशार मुलांच्या खास वर्गासाठी मुलाचे नाव शिक्षकाने किंवा पालकाने सुचवायचे, मग त्याची बुद्धिमापन चाचणी व्हायची. फ्लोरिडातल्या एका मोठ्या शाळा-जिल्ह्याने २००५ मध्ये दुसरीच्या सरसकट सगळ्या मुलांची प्राथमिक चाचणी घेतली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. खास वर्गांतल्या कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि गरीब मुलांची संख्या लक्षणीय वाढली होती. मुले तीच होती, शिक्षकही तेच. ज्यांचे नाव कुणी सुचवलेच नसते, ती मुले या वेळी चाचणीला बसली होती. पुढे पैशांची ओढाताण झाल्यावर जिल्ह्याने सरसकट चाचणी आवरती घेतली आणि आकडेही मागे आले.

आपल्याकडे नावे सुचवण्याची अशी पद्धत नाही, असे वाटते खरे. पण शाळेचा निकाल खाली येऊ नये म्हणून ‘जमतील’ अशाच मुलांचे अर्ज भरण्याची रीत शिक्षकांच्या जगात सगळ्यांना माहीत आहे. जमणारी मुले ठरतात वर्गातल्या बोलण्यावरून. घरी कोरकू किंवा गोंडी बोलणारे मूल मराठी वर्गात पहिली काही वर्षे गप्प असते. गुरुजींच्या यादीत गप्प मुले सहसा येत नाहीत.

या गप्प बसण्याचा मुंबईत फार पूर्वी अभ्यास झाला होता, हे आज विसरल्यासारखे झाले आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. तिथे वि. गो. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी १९८०च्या सुमारास महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी प्रज्ञाशोध आणि संवर्धनाचा प्रकल्प चालवला. मुले चाचणीने निवडली आणि पुढची तीन वर्षे त्यांच्यासोबत काम केले. त्यातला ‘संवर्धन’ हा भाग मला शोधापेक्षा मोलाचा वाटतो. विज्ञानाच्या पुस्तकाची भाषाच मुलाची वाट अडवते, हा कुलकर्णींचा आवडता मुद्दा. वाक्ये सोपी केली, मुलांना हाताने करून पाहू दिले आणि प्रश्न विचारले म्हणून कुणी रागावले नाही, तर ‘कच्ची’ ठरलेली मुले पुढे सरकतात, हे त्यांनी महापालिकेच्या शाळांत दाखवले. अशा प्रकल्पाचे पुढे राज्यभर धोरण व्हायला हवे होते. ते झाले नाही.

पुण्यात अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, १९६९ मध्ये तिची प्रशाला निघाली. बुद्धी एकपदरी नसते हे मानून चाचण्या बनवणारी आणि हुशारीला सामाजिक कामाशी बांधणारी ही संस्था मराठी माणसाच्या अभिमानाची आहे. हराळीसारख्या ठिकाणी तिने ग्रामीण कामही उभे केले. तरी सदाशिव पेठेतल्या प्रशालेच्या प्रवेशचाचणीला येण्यासाठी आधी त्या चाचणीची बातमी घरात पोचलेली असावी लागते, हेही खरे.

मूल सापडले, पुढे काय? एनएमएमएसमधून निवड झालेल्या मुलाला महिन्याला हजार रुपये मिळतात, नववीपासून बारावीपर्यंत. हा दर २०१७ चा आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला अशा ११,६८२ शिष्यवृत्त्या येतात. उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले खाते आणि दरवर्षीचे नूतनीकरण हे सगळे सांभाळायचे. दहावीनंतर मुलाने विनाअनुदानित कॉलेजात प्रवेश घेतला की शिष्यवृत्ती बंद. जिथे अनुदानित विज्ञान शाखा जवळपास नाही, तिथे हुशार मुलीने सायन्स सोडावे की हजार रुपये, एवढीच निवड उरते.

पैसे पुरेसे असले तरी भागत नाही, हे आपल्याला १९१७ पासून माहीत असायला हवे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले. तिथून ते लंडनला गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर करारानुसार बडोद्यात नोकरीला आले. त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून काही दिवस काढले, मग तिथूनही हाकलले गेले. शिष्यवृत्तीने विद्वान घडवला, पण त्याच्या निवाऱ्याची सोय कुणाच्याच हिशेबात नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे काढली, त्यामागची जाण हीच. तिथल्याच जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेले भाऊराव पाटील पुढे साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत जेवायला बसवणारे वसतिगृह चालवू लागले. रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या या माणसाने आधी मुलांच्या जेवणाची आणि झोपायची सोय पाहिली, शाळा त्यानंतर.

आजची कोंडी पदवीच्या टोकाशी आहे. जेईई मेन मराठीतून देता येते, पण आयआयटीसाठीची अॅडव्हान्स्ड इंग्रजी आणि हिंदीतच असते. पुढे मोठ्या संस्थेत प्रवेश मिळालाच तर तिथली बोली वेगळी, जेवण वेगळे, विनोद वेगळे. बुलढाणा जिल्ह्यातून लंडनपर्यंत गेलेल्या राजू केंद्रे यांच्या ‘एकलव्य’ या संस्थेने हेच टोक धरले आहे. घरातल्या पहिल्या पदवीधराला पदव्युत्तर शिक्षणाच्या चांगल्या संस्था कुठल्या, त्यांचे अर्ज कधी निघतात, हे सांगायचे. हेतुपत्र म्हणजे काय ते समजावून त्याचे कच्चे मसुदे पुन्हा पुन्हा तपासायचे आणि आधी गेलेल्या कुणाशी तरी गाठ घालून द्यायची. शहरातल्या प्राध्यापकाच्या मुलीला हे सगळे रात्रीच्या जेवणावर आपोआप मिळते. इथे त्यासाठी संस्था काढावी लागते, तिला देणग्या गोळा कराव्या लागतात, आणि तिच्या कार्यशाळेची बातमी ज्या कॉलेजच्या सूचनाफलकावर लागत नाही, तिथली मुले याही वेळी अर्ज करत नाहीत.