बारदेशचें मीठ आणि कुडाळास गेलेलें पत्र

शिवछत्रपतींनीं इ. स. १६७१ च्या डिसेंबरांत कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांस पाठविलेलें मिठाच्या जकातीचें पत्र अभ्यासकांच्या परिचयाचें आहे. स्वराज्यांतील धंद्यास दिलेलें संरक्षण, एवढाच त्याचा अर्थ बहुधा केला जातो. तो खोटा नव्हे, परंतु आमच्या मतें अपुरा आहे.

पत्राचा आशय असा कीं, फिरंग्यांच्या बारदेशांतील मीठ स्वस्त पडतें. सबब त्यावर जबर जकात बसवून संगमेश्वराकडील मिठाहून तें महाग पडेल असें करावें. तसें न केल्यास व्यापारी बारदेशाकडे वळतील व आपला बाजार बसेल. हें शेवटचें कलमच पत्राचें मर्म होय. घाटमाथ्यावर समुद्राचें मीठ पिकत नाहीं आणि त्यावांचून कोणाचें चालत नाहीं. बैलांचे तांडे धान्य घेऊन कोंकणांत उतरत ते परततांना मीठ लादून नेण्यासाठीं. तांडा एकदां बारदेशास जाऊं लागला म्हणजे त्याजबरोबर धान्य, कापड व बंदराचें उत्पन्नही तिकडेच जाणार, आणि वरच्या मुलखाच्या मिठाची किल्ली गोंव्याच्या हातीं राहणार.

बारदेशावर १६६७ च्या नोव्हेंबरांत स्वारी होऊन डिसेंबरांत तह झाला होता. मालवणास १६६४ सालीं पाया घातलेला सिंधुदुर्ग समुद्र राखीत होता. खुष्कीच्या वाटेवर तें काम जकातचौकीकडे आलें. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल अडविलें, २०२२ सालीं रशियाचा वायु आटला, तेव्हां गिऱ्हाईक राष्ट्रें जागीं झालीं. येथें विकणाऱ्यानें हात आंखडण्यापूर्वींच घेणाऱ्यानें वाट बदलली आहे.

कौटिल्यानेंही परदेशच्या मिठावर सहावा भाग सांगून, शिवाय राजाच्या मालास बसणारी तूट ग्राहकाकडून भरून घेण्यास सांगितलें आहे. मात्र अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध झालें तें १९०९ सालीं. यास्तव पत्राचें मूळ त्या ग्रंथांत शोधण्याचा मोह आवरावा; साम्य आहे तें विचाराचें.

जकात बसल्यावर तांडे खरोखर वळले किंवा कसें, हें एकट्या पत्रावरून ठरत नाहीं. त्यास मिठाचे भाव व बैलांची मोजदाद पाहिजे. कुडाळ, मालवण, वेंगुर्लें या बाजूच्या जुन्या घराण्यांतून दप्तरें मिळविणाऱ्या संग्राहकांस विनंती कीं, सनदा व वंशावळी निवडून घेतांना जकातीचे तुमार आणि दुकानांच्या वह्या, कसर लागलेल्या असल्या तरी, टाकूं नयेत.